बाबा जामीन राहिले होते, २०१४ चा हुकूमनामा आता आमच्या दारावर चिकटवलाय, काय करावं?

निळी_शाई:

मंडळी नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. परवा दुपारी आई घरी एकटी होती आणि कोर्टाचा बेलिफ आला. ती इतकी घाबरली की सही करायलाच नाही म्हणाली, मग त्याने शेजारच्या दोघांना बोलावून नोटीस दारावर चिकटवली आणि निघून गेला. मी तासाभरात पोचले तेव्हा खळ अजून ओली होती, आईने कागद ओढायचा प्रयत्न केला होता आणि एक कोपरा फाटून दारावरच राहिला होता. तेव्हापासून बेल वाजली की ती आतल्या खोलीत जाऊन बसते.

प्रकरण असं आहे. बाबांच्या एका मित्राने एका खाजगी फायनान्सवाल्याकडून कर्ज घेतलं होतं, बाबा जामीन राहिले, मित्राने हप्ते थकवले, २०११ ला दावा झाला आणि जून २०१४ ला एकतर्फी (बाबा हजर नसताना) निकाल लागून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, झाला. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं. बाबा २०२१ ला गेले. आता नोटिशीत लिहिलंय की आई, भाऊ आणि मी मयत प्रतिवादीचे वारस आहोत आणि अमुक तारखेला हजर राहून कारण दाखवा, नाहीतर दरखास्त (म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करून मागणारा अर्ज) पुढे चालेल.

कालपासून एकाचे फोन येतायत. म्हणतो वसुलीवाला आहे, एकूण ७ लाख ७१ हजार झालेत पण आज संध्याकाळपर्यंत रोख दोन लाख दिलेत तर मिटवून टाकतो, नाहीतर भावाला अटक होईल आणि घर सील होईल. आई तर बांगड्या काढून ठेवूनच बसलीय, म्हणते देऊन टाक आणि मोकळं कर.

बाबांच्या कपाटात एक प्लॅस्टिकची फाइल सापडली, त्यात २०१७ सालच्या सहा पावत्या आहेत, प्रत्येकी दहा हजारांच्या, शाई फिकी पडलीय पण शिक्का वाचता येतो. म्हणजे बाबा गुपचूप भरत होते. राहतं घर आई आणि बाबा दोघांच्या नावावर आहे. माझी नोकरी आहे, भावाचीही आहे. आमचे पगार अडकतील का? अकरा वर्षांपूर्वीचा निकाल अजून चालतो का? आणि त्या माणसाला पैसे द्यावेत का? प्लीज कोणी अनुभवी असेल तर सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

---

साधा_माणूस:

ताई, बाकीचं जाणकार सांगतील पण एक गोष्ट आधी ऐका, फोनवाल्याला एक रुपयाही रोख देऊ नका. माझ्या मामांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्यावर एका सावकाराचा हुकूमनामा होता, त्यांनी बैल विकून आणि मामीचं मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे उभे केले आणि त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन दिले. त्याने वहीच्या पानावर "हिशोब मिटला" लिहून दिलं आणि हात जोडून निरोप दिला. चार वर्षांनी त्याच हुकूमनाम्यावर त्याच्या मुलाने दरखास्त लावली, पूर्ण रकमेची. मामा ते वहीचं पान घेऊन कोर्टात उभे राहिले. जज साहेबांनी पान वाचलं आणि विचारलं की हे कोर्टात नोंदवलं होतं का, तेव्हा नोंदवलं होतं का. मामांना प्रश्नच कळला नाही, ते परत परत म्हणत राहिले साहेब मी दिलेत हो. पैसे दुसऱ्यांदा भरावे लागले. तो दिवस आमच्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही, म्हणून मुद्दाम लॉगिन करून लिहितोय.

आईंना सांगा बांगड्या परत घाला.

---

दरखास्त_टेबल_निवृत्त:

ताई, मी दिवाणी कोर्टात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं दरखास्तीच्या टेबलावर गेली. मी वकील नाही, त्यामुळे वकील लावाच, पण कागद कसे फिरतात ते मला माहीत आहे तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे आईंना सांगा की दारावर नोटीस लागली म्हणजे घर जप्त झालं असं नाही. निकालाला दोन वर्षांहून जास्त झाली असतील किंवा मूळ माणूस वारला असेल तर वारसांना आधी नोटीस द्यावी लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ रूल २२ म्हणून आहे. तुमच्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत. म्हणजे ही तुम्हाला बोलायची संधी दिलेली आहे. ती तारीख मात्र चुकवायची नाही, काहीही झालं तरी. लोक घाबरून जात नाहीत आणि मग जप्तीचं वॉरंट निघतं, मी टेबलावर बसून हे शेकडो वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हा माणूस पहिल्या तारखेला आला असता तर बरं झालं असतं.

मुदतीचं म्हणाल तर पैशाच्या हुकूमनाम्याला १२ वर्षं असतात, १९६३ च्या मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद १३६. तुमचा जून २०१४ चा, म्हणजे दरखास्त मुदतीत आहे. ती जुनी झाली म्हणून सुटका होईल ही आशा सोडा. बाबांनी २०१७ ला पैसे भरले त्यामुळे मुदत वाढली असंही कोणी सांगेल, तसं नसतं, साध्या कर्जात भरणा केला की नवीन मुदत मिळते पण हुकूमनाम्याच्या रकमेला तो नियम लागत नाही. उपयोग तुम्हाला आज नाही, पण दुसऱ्या कोणाला होईल म्हणून लिहिलं.

अटकेचं. बाईमाणसाला पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६, पुढची कलमंही त्यातलीच. म्हणजे तुम्ही आणि आई तो विषय डोक्यातून काढा. भाऊ वारस आहे, कर्जदार नाही. वारसाची जबाबदारी बापाची जी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच, कलम ५० आणि ५२. तुमचे दोघांचे पगार तुमच्या स्वतःच्या कष्टाचे आहेत, त्याला हात लागत नाही. बाबांचा पीएफ किंवा त्यांच्या विम्याचे पैसे आले असतील तर तेही कलम ६० ने जप्तीतून बाहेर आहेत. आणि खुद्द कर्जदाराला सुद्धा फक्त पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगितलंय, ऐपत असून मुद्दाम देत नाही किंवा माल लपवतोय असं दिसावं लागतं, आणि त्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. फोनवर अटक सांगणारा माणूस कायदा सांगत नाहीये, भीती विकतोय.

घराचं मात्र खरं आहे. आईंचा हिस्सा आईंचा, पण बाबांचा जो हिस्सा आहे तो त्यांची मालमत्ता, त्यावर जप्ती येऊ शकते. म्हणून हे प्रकरण हलक्यात घेऊ नका.

आता कामाचं सांगतो. फोनवर जी रक्कम सांगतात ती विसरा. कोर्टात जा, नाहीतर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पक्षकाराच्या नावाने शोधा, सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळेल. मग तीन कागदांच्या सही नकला (कोर्टाने प्रमाणित केलेल्या प्रती) मागा, मूळ दाव्यातला निकाल, हुकूमनामा आणि आत्ताची दरखास्त. निकाल आणि हुकूमनामा दोन्ही मागा, लोक एकच घेतात. हुकूमनाम्यातलं व्याजाचं वाक्य बोट ठेवून वाचा, किती टक्के आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. हुकूमनाम्यानंतरच्या व्याजाबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नसेल तर ते व्याज नाकारलं असं कायद्याने धरलं जातं, कलम ३४ मध्ये सरळ लिहिलंय. आणि दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्यात नसलेलं काही देऊ शकत नाही. मी अशा दरखास्ती पाहिल्यात जिथे आकारणीचा तक्ता करताना कोणीतरी कर्जाच्या करारातलं व्याज लावून मोकळं झालेलं असतं आणि समोरचा हजरच नसल्यामुळे कोणी विचारत नाही.

दरखास्तीच्या तक्त्यात एक रकाना असतो, हुकूमनाम्यानंतर काही रक्कम वसूल झाली का. त्यात त्यांनी काय भरलंय ते बघा. तुमच्या पावत्यांचं भवितव्य त्या रकान्यात आहे. साधा_माणूस यांनी मामांचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे, कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले नाहीत तर दरखास्त कोर्ट ते धरत नाही, ऑर्डर २१ रूल २. भरणाऱ्याने स्वतः नोंद करून घ्यायची मुदत फक्त ३० दिवसांची आहे, ती २०१७ लाच गेली. पण पैसे घेणाऱ्याने ते मिळाले असं कोर्टाला कधीही सांगता येतं. त्यामुळे त्यांनी रकान्यात कबूल केलं असेल तर तुमचं काम झालं, नसेल तर पावत्या दाखवून त्यांच्या वकिलाकडून पुरशिस, म्हणजे पैसे मिळाल्याचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, मागायची.

---

हिशोब_चोख:

मी दुसऱ्या बाजूचा आहे त्यामुळे माझं थोडं कडू लागेल. माझ्याकडे माल नेऊन पैसे बुडवणाऱ्या एका व्यापाऱ्यावर माझा हुकूमनामा आहे. निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटले होते मी. त्यानंतर कळलं की खरी लढाई आता सुरू झालीय. त्याने दुकान बायकोच्या नावावर केलं, बेलिफ गेला की शटर बंद, पत्ता बदलला की परत समन्स, वकिलाची फी मी भरतोय आणि तो नवीन गाडीतून फिरतोय. २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, माझी त्याच्या कितीतरी आधीपासून पडून आहे.

म्हणून ताई तुम्हाला विनंती, तारखा लांबवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घेतलेला पैसा कुणाचा तरी असतो. तुमच्या बाबांनी सहा पावत्या केल्या म्हणजे त्यांना ते देणं मान्य होतं, मला तो माणूस चांगला वाटला. आणि व्यवहाराचं सांगायचं तर माझ्यासारखा वर्षानुवर्षं थांबलेला माणूस हातात येणाऱ्या खऱ्या रकमेसाठी बराच खाली यायला तयार असतो. माझा व्यापारी उद्या कोर्टात येऊन म्हणाला की मुद्दल देतो चार हप्त्यात, मी व्याज सोडेन. फक्त त्याने समोर यावं.

---

निळी_शाई:

काका, साधा_माणूस, हिशोब_चोख, तिघांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, अटकेचं ऐकल्यावर ती पहिल्यांदा नीट जेवली.

दोन गोष्टी अजून विचारते. समन्स बाबांना मिळालंच नव्हतं असं आम्हाला वाटतं कारण २०११ ला आम्ही जुना पत्ता सोडला होता, तर एकतर्फी निकाल रद्द करता येईल का? आणि भाऊ म्हणतो की तारखेच्या आत घर वहिनीच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू म्हणजे प्रश्नच मिटेल. मला ते बरोबर वाटत नाहीये पण घरात त्यावरून वाद चाललाय.

---

दरखास्त_टेबल_निवृत्त:

ताई, भावाला माझ्याकडून सांगा, असं अजिबात करू नका. वारसाच्या हाती आलेली मालमत्ता त्याने इकडेतिकडे केली आणि हिशोब देता आला नाही तर तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः देणेकरी होतो, कलम ५२ मध्येच आहे. म्हणजे आज ज्याचा पगार सुरक्षित आहे तो स्वतःच्या हाताने पगार पुढे करतोय. शिवाय घेणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलेलं बक्षीसपत्र कोर्ट रद्दही करू शकतं. हिशोब_चोख यांच्या दुकानदाराने जे केलं तेच हे, आणि त्यांना काय वाटतं ते तुम्ही वर वाचलंत. बाबांची एखादी एफडी वगैरे मोडून दवाखान्याला लागली असेल तर ती बिलं शोधून एका पाकिटात ठेवा, विचारलं तर दाखवता येतील.

एकतर्फीचं. ऑर्डर ९ रूल १३ खाली अर्ज होतो, समन्स नीट बजावलं नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. पण त्या सहा पावत्यांकडे परत बघा. त्यावर दाव्याचा नंबर लिहिलेला असेल तर २०१७ ला बाबांना निकाल माहीत होता हे त्याच पावत्या सांगतात. म्हणजे तीच फाइल रक्कम कमी करायला तुमच्या बाजूने आणि निकाल रद्द करायला तुमच्या विरुद्ध. दोन्ही एकदम चालणार नाही. वकिलांना पावत्या पहिल्याच भेटीत दाखवा, लपवून अर्ज करू नका, नंतर उघडं पडलं की कोर्टाचा विश्वास जातो तो परत येत नाही.

---

वाट_पाहते:

वकिलाच्या फीची काळजी असेल तर एक सांगते. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, आई आणि तुम्ही दोघी अर्ज करू शकता. १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. मला माझ्या पोटगीच्या केसमध्ये असाच वकील मिळाला होता, फुकट आहे म्हणून टाळाटाळ करतील अशी भीती होती पण त्या मॅडम प्रत्येक तारखेला माझ्या आधी हजर असायच्या. आणि अजून एक, नोटीस पतसंस्थेची असेल तर ती खरंच कोर्टाची आहे की सहकार खात्याचा कलम १०१ चा वसुली दाखला आहे हे बघायला हवं, दोन्हीचा रस्ता वेगळा असतो. तुमची बेलिफाने आणलीय म्हणजे कोर्टाचीच.

---

निळी_शाई:

अपडेट द्यायला उशीर झाला, नकला मिळायला नऊ दिवस लागले.

विधी सेवेच्या मॅडम मिळाल्या. त्यांच्या टेबलावर आम्ही तिघं बसून हुकूमनामा वाचला, काकांनी सांगितलं तसं बोट ठेवून. मुद्दल २ लाख ३८ हजार, त्यावर दावा दाखल झाल्यापासून हुकूमनाम्याच्या तारखेपर्यंत सहा टक्के, आणि खर्च १९ हजार ४६०. पुढच्या व्याजाबद्दल एक अक्षर नाही. मॅडमनी दोनदा पान उलटून मागे काही आहे का बघितलं. तीन वर्षांचं व्याज ४२ हजार ८४०, म्हणजे सगळं मिळून ३ लाख ३०० रुपये. आणि दरखास्तीत त्यांनी हुकूमनाम्यानंतरची अकरा वर्षं १८ टक्क्यांनी लावून ७ लाख ७१ हजार केले होते. तो आकडा ऐकून माझी आई दोन रात्री बसून होती.

वसुलीच्या रकान्यात ४० हजार दाखवलेत. म्हणजे चार पावत्या कबूल, दोन नाहीत. पावत्यांवर दाव्याचा नंबर आहेच, त्यामुळे निकाल रद्द करायचा विचार आम्ही सोडला. भावानेही बक्षीसपत्राचा विषय सोडला, ५२ कलम त्याने स्वतः वाचलं.

पहिल्या तारखेला आम्ही तिघं गेलो. मॅडमनी म्हणणं दाखल केलं, व्याजाची हरकत आणि दोन पावत्यांच्या झेरॉक्स, अस्सल दाखवून. समोरच्या वकिलांनी पावत्या उजेडाकडे धरून बघितल्या आणि म्हणाले पक्षकाराला विचारून सांगतो. बाहेर आल्यावर त्यांनीच विषय काढला की किती देऊ शकता. भाऊ म्हणाला २ लाख ४० हजार ३०० च्या वर एक रुपया निघत नाही आमच्या हिशोबाने, ते देतो पण हप्त्यात. ते हसले नाहीत, लिहून घेतलं. तो फोनवाला कोण होता हे त्यांनाही माहीत नव्हतं, निदान ते तसं म्हणाले. त्याचा फोन नंतर आला नाही.

पुढची तारीख २२ ला आहे. हिशोब_चोख, आई म्हणाली तुम्हाला सांग की आम्ही समोर गेलो.

---

हिशोब_चोख:

आईंना नमस्कार सांगा.

---

दरखास्त_टेबल_निवृत्त:

फार बरं वाटलं ताई. आता शेवटच्या टप्प्यात लोक घाई करतात म्हणून लिहितो. तडजोड ठरली की ती दोन्ही बाजूंच्या सह्यांनी पुरशिस करून कोर्टात दाखल करायची, त्यात एकूण रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख, आणि हे दिल्यावर हुकूमनामा पूर्ण फिटला असं वाक्य हवंच. साठ हजार मिळाल्याचं त्यातच लिहून घ्या म्हणजे त्या दोन पावत्यांचाही प्रश्न सुटतो. हप्ता चुकला तर काय, हेही वाचून सही करा, बहुतेक वेळा चुकला की पूर्ण रक्कम एकदम असं लिहिलेलं असतं. लोक अदालत जवळ असेल तर तिथे ठेवा, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पैसे शक्यतो कोर्टात भरा, नाहीतर बँकेतून त्यांच्या खात्यावर, आणि प्रत्येक हप्त्यानंतर लगेच, तीस दिवसांच्या आत, नोंद करून घ्या.

शेवटचा हप्ता गेला की दरखास्त निकाली निघाल्याच्या हुकमाची सही नक्कल काढा, एक नाही, दोन काढा. घरावर तोपर्यंत जप्ती आली असेल तर ती उठवल्याचा हुकूमही घ्या. आणि एक राहिलं, जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून परत मागता येतात, भरल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. बाबांचा तो मित्र हयात असेल आणि त्याच्याकडे काही असेल तर मॅडमना विचारा. बाबांचे २०१७ चे साठ हजार त्यात आता येणार नाहीत, तुम्ही जे भराल ते येईल.

---

निळी_शाई:

मित्र हयात आहेत काका. बाबांच्या तेराव्याला आले होते, कोपऱ्यात बसून होते आणि कोणाशी न बोलता निघून गेले. आई म्हणते त्यांना आत्ता काही विचारू नको, आधी हे होऊ दे. पुरशिसचा मसुदा मॅडम उद्या देतायत, साठ हजारांचं वाक्य टाकायला सांगते.